अर्धा हात

बाहुलीला तोंड नव्हतं.

केवळाबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, खिडकीच्या उजेडाला धरून पाहिली. दीड किलोची, मऊ कातडीची, हात-पाय-पाठ-पोट सगळं जागच्या जागी; आणि मानेच्या वर नुसता गुळगुळीत गोळा, सोललेल्या अंड्यासारखा.

"हिचं तोंड कुठंय, बाई?"

"तोंड लागत नाही, मावशी." डॉक्टर सादिया काझी हसल्या. "हिच्या कातडीखाली दोन हजार ठिपके आहेत. तुमचं बोट कुठं पडलं, किती दाबलं, किती वेळ राहिलं, सगळं ते टिपून घेतात. तोंडाला कुठं तुम्ही चोळता?"

"चोळत नाही. पण बघते ना."

"माय, बस कर आता," उर्मिला कानाशी येऊन पुटपुटली. उर्मिला केवळाबाईंची लेक, याच गंगथडी बालरुग्णालयात नवजात बाळांच्या वॉर्डची नर्स. आईला इथं आणलं होतं तिनंच. गंगेच्या दोन्ही काठांना, म्हणजे गोदावरीच्या, इकडं तिला गंगाच म्हणतात, चाळीस वर्षं बाळंतिणींच्या घरी तेलपाणी करणारी बाई. तिच्या पायांवर न्हाऊन मोठी न झालेली माणसं त्या भागात मोजकीच. यंत्राला शिकवायला हात हवे होते, आणि असे हात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

केवळाबाईंनी कनवटीची काजळाची डबी काढली. गोळ्यावर दोन डोळे काढले, एक तोंड काढलं, गालाला तीट लावली. मग भिंतीला टेकून पाय लांब केले, बाहुलीला पायांवर पालथं घेतलं आणि करडईच्या कोमट तेलात बोटं बुडवली.

वाटीतलं तेल
उन्हात नाहिलं
बोटांनी वाहिलं
पाठीवर

ओवीचे तीन चरण पुरे, चौथा आखूड. तीन चरणांना तीन लांब हात फिरायचे, मानेपासून माकडहाडापर्यंत. आखूड चरणाला हात निम्म्या पाठीवर येऊन थांबायचा. तो अर्धा हात. तेवढ्यात केवळाबाईंची नजर बाळाच्या तोंडावर जायची. ओठ मुडपले, जीभ बाहेर आली, तोंड कडेला वळलं, तर भूक. कपाळ आकसलं, तर दाब जास्त झाला. ओठांभोवती निळसर दिसलं, तर तेल-बिल राहू दे, आधी बाळ उभं धर. काहीच नसलं तर पुढची ओवी.

दुसऱ्या दिवशी बाहुलीचं तोंड कुणीतरी स्पिरिटनं पुसून टाकलं होतं. केवळाबाईंनी पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेलं. मग त्यांनी नाद सोडला. हात मात्र सवयीनं अर्ध्यावर थांबत राहिला, आणि नजर त्या गुळगुळीत गोळ्यावर जाऊन तशीच परत येत राहिली.

यंत्रानं ते थांबणंही टिपलं. नोंदीत लिहिलं गेलं : तीन सेकंद विसावा.

*

त्या सालांत उन्हाळे सत्तेचाळीस अंशांच्या खाली उतरेनात, आणि दिवस भरायच्या आत बाया बाळंत होऊ लागल्या. बाराशे ग्रॅमची बाळं, हजाराची, नऊशेची. काचेच्या पेट्या भरलेल्या, आणि चोवीस पेट्यांना दोन नर्स.

अशा बाळाला दूध पचवणं हेच मोठं काम असतं. नुसतं हलकं कुरवाळलं तर त्याला गुदगुल्या होतात, ते दचकतं. फार दाबलं तर इजा. या दोहोंच्या मधला एक दाब आहे, कातडी खालच्या मांसावरून जराशी सरकेल एवढाच. तो लागला की मेंदूपासून छातीतून खाली पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस जागी होते. ती जागी झाली की पोट हलू लागतं, पाचक रस सुटतात, आणि तेवढ्याच दुधावर बाळ जास्त भरतं. हे डॉक्टरांना कधीपासून ठाऊक होतं. अडचण एकच होती : दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, प्रत्येक बाळाला चोळायला हात आणायचे कुठून?

सादियाबाईंनी ते हात केवळाबाईंकडून घेतले. पेटीच्या तळाशी मऊ, कोमट हवेचे तळवे बसवले. बाळ त्यावर निजायचं आणि तळवे त्याच्या पाठीवरून, पोटऱ्यांवरून फिरायचे, थेट केवळाबाईंच्या दाबानं, केवळाबाईंच्या लयीत. त्याला त्यांनी नाव दिलं स्पर्शपाळणा. दिवसाला वीस ग्रॅम वाढणारी बाळं तीस ग्रॅम वाढू लागली. आठवडाभर आधी घरी जाऊ लागली. दोन वर्षांत चाळीस रुग्णालयांत पाळणे बसले, आणि गंगथडीच्या भिंतीवर केवळाबाईंच्या तेलकट तळव्यांचा मोठा फोटो लागला. केवळाबाई तिथून जाताना पदर सारखा करायच्या, जणू कुणी थोराघरचं माणूस बसलंय.

मग उर्मिलाच तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मुलगी, बाराशे दहा ग्रॅम. रेवा.

"मी चोळते तिला," केवळाबाई दारातून म्हणाल्या. त्यांना खोकला होता, वॉर्डात शिरायची बंदी होती.

"माय, आत तूच तर आहेस," उर्मिला म्हणाली. "तुझेच हात. फक्त थकत नाहीत, एवढंच."

केवळाबाईंना ते ऐकून भरून आलं होतं. पुढं कितीतरी दिवस त्यांना या भरून येण्याचीच लाज वाटायची होती.

*

"काय गुणाची गं पोर!"

बारशाला आलेली प्रत्येक बाई हेच म्हणाली. रेवा सात आठवडे पाळण्यात राहून घरी आली होती, गुटगुटीत. पाळण्यात घाला, नाव ठेवा, या हातातून त्या हातात द्या, तिची कुरकुर नाही. उर्मिलाचा नवरा पुण्याहून आठवड्याला यायचा, तोही मित्रांना सांगायचा, आमच्याकडं बाळ आहे हे शेजाऱ्यांना माहीतच नाही. उर्मिलाच्या फोनवर दर तीन तासांनी गजर व्हायचा, ती रेवाला पदराखाली घ्यायची, रेवा प्यायची. पुढचा गजर होईस्तोवर छताकडं बघत राहायची. आपल्याकडं न रडणाऱ्या लेकराला गुणाचं म्हणतात. दृष्ट काढतात त्याची.

केवळाबाईंनीही काढली होती.

रेवा सहा महिन्यांची झाली त्या आठवड्यातली गोष्ट. उर्मिला रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आली, रेवाला पाजलं आणि शेजारीच आडवी झाली. केवळाबाई पलीकडच्या गावी एका बाळंतिणीकडं गेल्या होत्या. फोनची बॅटरी कधी संपली ते कळलं नाही. उर्मिलाला जाग आली ती उन्हाची तिरीप भिंतीवर चढल्यावर. चार वाजून गेले होते.

रेवा जागी होती. डोळे उघडे. ओठ सुकून त्यांच्यावर पांढरी साय धरलेली, लंगोट कोरडा. सात तास झाले होते. हाताच्या अंतरावर आई निजलेली होती, आणि लेकरानं एक हाकसुद्धा मारली नव्हती.

उर्मिलानं तिला छातीशी ओढलं. रेवा प्यायली, घटाघटा, मुठी आवळून. भूक होती तर! भरपूर होती.

संध्याकाळी केवळाबाई आल्या तेव्हा उर्मिला तशीच बसून होती.

"ती मेली असती, माय. माझ्याजवळ निजून मेली असती, अन् मला गुणाची वाटली असती."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळाबाईंनी रेवाला पायांवर घेतलं. आजवर घरी तेल लावायचं काम उर्मिलाच करायची, पाळण्याच्या तक्त्याप्रमाणे. केवळाबाई ओवी म्हणू लागल्या.

काय हवं बाळा
ओठांनी सांगावं
रडून मागावं
आईपाशी

अर्ध्या चरणाला हात थांबला. केवळाबाईंनी वाकून तोंड पाहिलं.

रेवा गप्प झाली होती. त्याआधी ती हलत होती, पाय मारत होती. हात थांबला तशी तिनं नजर दूर नेली, ओठ मिटले, अंग सैल सोडलं आणि वाट पाहिली. हात परत फिरला तशी पुन्हा पाय मारू लागली.

केवळाबाईंनी दुसरी ओवी म्हटली, तिसरी म्हटली. दहाव्या ओवीनंतर त्यांनी आत हाक मारली.

"उर्मे. इकडं ये."

"काय झालं?"

"बघ. मी थांबले की ही दार लावून घेती." त्यांनी पुन्हा करून दाखवलं. "चाळीस वर्षांत असं लेकरू बघितलं नाही. मी थांबले की लेकरं तोंड घालायला बघतात, कुरकुरतात, एखादं माझं बोटच धरून चोखतं. तेवढ्यासाठीच तर थांबायचं असतं. हिला थांबलेल्या हातात कुणीच नाही हे ठाऊक आहे."

"माय, काहीही काय! सहा महिन्यांच्या लेकराला काय ठाऊक असतंय?"

"दिवसातून तीनदा, सात आठवडे. किती वेळा थांबला असंल गं तो?"

उर्मिलानं हिशेब केला नाही, पण तो मनात आपोआप होऊ लागला. पंधरा मिनिटांत साठ ओव्या. दिवसाला एकशे ऐंशी. ती उठून उभी राहिली.

"पाळण्यामुळं ती वाचली. तुझ्या हातांनी ती वाचली! आता त्यालाच नावं ठेवायलीस?"

"हात माझेच हायेत म्हणून तर म्हणायले." केवळाबाईंनी रेवाला सुती धडप्यात गुंडाळलं. "दुसऱ्याचे असते तर गप बसले असते."

उर्मिला तणतणत आत गेली. जरा वेळानं तिनं फोन उचलला. पाळण्यातून घरी गेलेल्या बाळांच्या आयांचे नंबर तिच्याकडं होतेच. वजनाच्या चौकशीला ती अधूनमधून फोन करायची.

"सिस्टर बोलते, गंगथडीतून. बाळ बरंय?"

"बेस्ट आहे सिस्टर. लई गुणाचं आहे, रडतच नाही."

दुसरीकडं सासूनं फोन घेतला. "आमच्या सुनंचं नशीब बघा, पोरगं सांगितल्याशिवाय दूध मागत नाही." तिसरी म्हणाली, "मोठ्या पोरानं रडून जीव खाल्ला होता, हा मात्र ऋषी आहे." चौथीच्या मागं टीव्ही चालू होता, ती हसत म्हणाली, "सिस्टर, असलंच दुसरं मिळंल का तुमच्या पाळण्यात?"

सोळा फोनांपैकी चौदा घरी हेच. प्रत्येक घर सुखात होतं. शेवटचे दोन फोन उर्मिलानं उभ्यानं केले, कारण बसवेना.

*

"वजनं उत्तम आहेत," सादियाबाई समोर बसलेल्या मायलेकींना म्हणाल्या. "चाळीसही ठिकाणची. मी आजच पाहिली." त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. "मावशी, न रडणारी बाळं असतात."

"सोळांत चौदा?" उर्मिला म्हणाली.

 सादियाबाईंनी पडदा दोघींकडं वळवला. "पेटीत एक कॅमेरा असतो. बाळाचा श्वास मोजायला, छाती हलते ती पाहायला. चेहरा त्यात येतो, पण तो आम्ही कधी वाचला नाही. वाचायचं काही कारणच नव्हतं."

रेवाचं चित्रण त्यांनी काढलं. तिसरा दिवस. नळ्यांच्या जाळीत मूठभर जीव. खालून तळवा उठला, मानेपासून खाली फिरला, एकदा, दोनदा, तीनदा. मग निम्म्या पाठीवर थांबला.

रेवानं तोंड उघडलं.

इवली जीभ बाहेर आली. मान थरथरत, एवढ्याशा मानेला न पेलणारं डोकं ओढत, कडेला वळली. ओठ हवा चाचपू लागले. एक, दोन, तीन सेकंद. तळवा पुन्हा फिरू लागला.

"भूक लागली होती तिला," केवळाबाई म्हणाल्या. "मागायली होती की माझी बाय."

नववा दिवस. तोंड उघडलं, मान वळली नाही. पंधरावा. ओठ नुसते हलले. तेविसाव्या दिवशी तळवा थांबला तेव्हा रेवाचे ओठ मिटलेले होते, आणि डोळे वर, काचेच्या छताकडं.

उर्मिला पाहत होती ते वेगळंच. तिसऱ्या दिवसाच्या चित्रणात, काचेच्या पलीकडं, कोपऱ्यात एक पाठ दिसत होती. पांढरा गणवेश, खांद्यावर रुळणारी वेणी. पाठ तिचीच. बाळंतपणाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत ती रजेवर होती, पण घरी करमत नाही म्हणून गणवेश घालून वॉर्डात येऊन बसायची, तक्ते भरू लागायची. लेकीपासून दोन हातांच्या अंतरावर होती ती. वजन लिहीत होती. रेवाचंच.

"बंद करा," ती म्हणाली.

सादियाबाईंनी पडदा बंद केला.

"पाळणा बंद करा म्हटलं मी."

"आज तुझ्या वॉर्डात चोवीस बाळं आहेत, उर्मिला. नऊ नंबरची नऊशे वीस ग्रॅमची. बंद केला तर तिचं वजन उद्या थांबेल. चाळीस ठिकाणी मिळून सहाशे बाळं आहेत. त्यातली किती टिकतील, सांग मला. सांगू शकतेस?"

 नऊ नंबरला काल रात्री उर्मिलानंच दूध पाजलं होतं, नळीनं, दोन मिली.

"मग तो विसावा काढून टाकते," सादियाबाई स्वतःशीच म्हणाल्या. "सलग चोळू दे."

"नका काढू," केवळाबाई म्हणाल्या. "मग तर लेकराला मागायला जागाच उरणार नाही. थांबणं ठेवा. पण थांबलं की थांबूच द्या त्याला. घंटी वाजू द्या. माणसानं यावं, तोंड बघावं, काय हवं ते द्यावं, अन् मग यंत्राला बोट लावून पुढं सोडावं."

"दर ओवीला? पंधरा मिनिटं माणूस तिथंच उभं राहील. मावशी, मग यंत्र कशाला हवं?"

"चोळायला. बघायचं काम त्याला मी दिलंच नव्हतं. मी म्हटलं होतं तुम्हाला, हिचं तोंड कुठंय."

सादियाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात न काढताच त्या म्हणाल्या, "मीच पुसायला सांगितलं होतं ते काजळ."

*

गंगथडीतले पाळणे दुसऱ्या सोमवारपासून थांबू लागले. दोन नर्सना ते झेपणारं नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या आयांना फक्त दुधाच्या वेळी खाली सोडायचा नियम होता, तो सादियाबाईंनी मोडला. हात धुऊन, टोप्या घालून बाया पेट्यांपाशी उभ्या राहू लागल्या. घंटी वाजायची, बाई वाकायची, बघायची, बोट लावायची. ज्यांची आई आजारी, ज्यांची आई शेताच्या कामाला परत गेलेली, ज्यांची आई उरलीच नाही, त्यांच्या वाट्याला नर्स यायची, जमेल तेव्हा. तिसाचे बावीस ग्रॅम झाले. एक बाळ गेलं. ते तसंही गेलं असतं का, हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि सादियाबाईंनी कुणाला विचारूही दिलं नाही. बाकीच्या एकोणचाळीस रुग्णालयांना त्यांनी चित्रणं पाठवली. अकरांनी पाळणे बदलले. इतरांनी कळवलं, वजनं उत्तम आहेत.

घरी वेगळीच लढाई होती.

"गजर बंद करायचा," सादियाबाईंनी उर्मिलाला सांगितलं होतं. "ती मागेल तेव्हाच द्यायचं. पाच तासांच्या वर जायचं नाही, रोज वजन करायचं. पण त्या पाच तासांत तिच्याकडं बघत राहायचं. एवढंसं काही दिसलं, ओठ हलला, मूठ तोंडाकडं गेली, तर त्या क्षणी उचलायची. तिला कळायला हवं की मागितलं की मिळतं."

उर्मिलानं फोनमधला गजर पुसला, आणि आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस सुरू झाले. छातीत दूध दाटून ठणका लागायचा. समोर लेक भुकेली पडलेली, हे ठाऊक. आणि तिच्या तोंडावर काहीही नाही.

"माय, देते मी."

"थांब."

"साडेचार तास झाले! तुझ्या पोटचं असतं तर—"

"तू माझ्या पोटचीच आहेस." केवळाबाई रेवाच्या तोंडावरची नजर न काढता म्हणाल्या. "अन् तू कशी होतीस सांगू? वेशीपर्यंत ऐकू जायचं तुझं रडणं. लोक म्हणायचे, केवळे, दुसऱ्यांची लेकरं निजवतीस अन् तुझी भोकाड पसरती. लाज वाटायची मला. देवा, काय कशाची लाज वाटायची माणसाला."

पहिल्या आठवड्यात रेवाचं वजन दोनशे ग्रॅमनं उतरलं. उर्मिलाचा नवरा फोनवर ओरडला, लेकराला उपाशी मारताय का म्हणून.  उर्मिलालाही तेच वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात एकदा रेवाचा खालचा ओठ आत ओढला गेला, इतकाच, माशीनं पंख हलवावा तितका. "आता!" केवळाबाई ओरडल्या आणि उर्मिलानं झडप घालून तिला उचललं. त्यानंतर चार दिवस पुन्हा काही नाही. मग एकदा मूठ तोंडाकडं गेली. मग पुन्हा काही नाही.

तेल लावणं चालूच होतं. रोज सकाळी केवळाबाई पाय लांब करून बसायच्या. अर्ध्या हाताला थांबायच्या आणि ओवीचा शेवटचा तुकडा, आईपाशी, रेवाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणायच्या. ती नजर फिरवायची तिकडं तोंड न्यायच्या. म्हातारीच्या कमरेत त्यामुळं कायमची चमक भरली.

"माझंच शिकवणं मला मोडायचंय," त्या म्हणायच्या. "यंत्राला शिकवायला तीन दिवस लागले होते. मोडायला बघू."

*

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी उर्मिला वॉर्डात नऊ नंबरपाशी उभी होती. ही मुलगी आता बाराशे ग्रॅमला टेकली होती. तिची आई तापानं फणफणून वर पडली होती. दुसरी नर्स पलीकडं एका निळ्या पडलेल्या बाळापाशी होती. तळवा पाठीवरून फिरत होता. हातमोजे घातलेले उर्मिलाचे हात पेटीच्या गोल खिडक्यांतून आत गेलेले.

सादियाबाई लगबगीनं आल्या. त्यांच्या हातात वॉर्डचा फोन होता. "मावशी आहेत. फोन ठेवतच नाहीत." त्यांनी तो उर्मिलाच्या कानाला लावला.

आधी तिला काही कळलंच नाही. खरखर वाटली. मग त्या खरखरीतून एक आवाज वर आला, बारीक, चिरका, मध्येच तुटलेला, परत धरलेला. कधी न वापरलेलं दार उघडावं तसा. तो आवाज तिनं आजवर एकदाही ऐकला नव्हता, तरी ओळखला.

"ऐकायलीस का, उर्मे?" पलीकडं केवळाबाई हसत होत्या की रडत होत्या ते समजत नव्हतं. "मी थांबले, अन् हिनं तोंड केलं माझ्याकडं! वाटी-चमच्यानं द्यायले तर थुंकती. मला नको म्हणती. तुला मागायलीय, तुलाच!"

उर्मिलाच्या छातीत कळ गेली आणि दुधानं गणवेशाची पुढची बाजू भिजत गेली. घर बारा मिनिटांवर होतं. रिक्षा फाटकाशीच उभ्या असतात. बारा मिनिटं तिकडं मागणारं लेकरू, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मागणारं, आणि त्याला पुन्हा कळणार की मागून कुणी येत नाही. तिचं पाऊल मागं सरकलं.

तळवा निम्म्या पाठीवर थांबला. घंटी वाजली.

"जा तू," सादियाबाई म्हणाल्या. "मी हात धुऊन येते. दोन मिनिटं लागतील."

दोन मिनिटं म्हणजे किती तोंडं मिटतात, ते उर्मिलानं पडद्यावर पाहिलं होतं.

"धुऊन या," ती म्हणाली. "तोवर मी आहे. फोन काढू नका कानाचा."

कानात रेवा रडत होती, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. डोळे पुसायलाही उर्मिलाचा हात मोकळा नव्हता. पलीकडचं बाळ सावरलं तशी दुसरी नर्स धावत येऊन फोन धरून उभी राहिली, सादियाबाई नळाकडं पळाल्या. उर्मिला वाकली आणि काचेतून नऊ नंबरच्या तोंडाकडं पाहिलं. सुपारीएवढं तोंड. काहीच हललं नाही. मग मान थरथरत कडेला वळली, ओठ उघडले आणि हवा चाचपू लागले.

तिनं करंगळी त्या ओठांपाशी नेली. ते तिच्यावर मिटले, घट्ट.

"बघितलं गं," उर्मिला म्हणाली, दोघींनाही. "बघितलं. आले."